तीन लाटा

भिवराबाईला पाठवाऱ्यानं, मागून येणाऱ्या वाऱ्यावर, होडी मारायला मी शिकवलं. सगळं शिकवलं, एक गोष्ट सोडून. ती गोष्ट मलाच येत नव्हती, असं म्हणायची सोय असती तर हे लिहायला मी बसलोच नसतो.

मी सूर्यभान. पूर्णा नदीवरच्या धरणावर पाणी मोजायच्या कामाला होतो. रोज सकाळी पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा आणि सरकारी होडी घेऊन एक चक्कर मारून यायची. कागदावर माझा हुद्दा खलाशी. परभणी जिल्ह्यातला खलाशी म्हटलं की लोक तोंडावर हसायचे. समुद्र मी एकदाच पाहिला, सहा डिसेंबरला दादरला, आणि तोही माणसांच्या डोक्यांवरून.

पण समुद्राची विद्या माझ्याकडे चालत आली होती. धरण नवं होतं तेव्हा खोली मोजायला साहेब लोक आले. त्यांच्या होडीवर रत्नागिरीकडचा एक म्हातारा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होता. आमच्याकडच्या नदीकाठच्या माणसांना ओढ कळते, वाहतं पाणी कळतं. धरणाच्या पाण्याला ओढ नाही, तिथं राज्य वाऱ्याचं. आखाडात पश्चिमेचा वारा सुटला की पाच-सहा मैलांच्या मोकळ्या पाण्यावरून कमरेएवढ्या लाटा येतात. त्या दिवसांत भोईसुद्धा होड्या पालथ्या घालून तंबाखू मळत बसायचे. तांडेल म्हणाला, "घाबरता कशाला? वारा जातोय तिकडंच जायचंय ना तुम्हाला?"

आणि त्यानं मला शिकवलं. लाट मागून येते, आधी होडीची शेपूट उचलते. त्याच क्षणाला वल्ह्याचे चार फटके जीव खाऊन हाणायचे. मग होडी लाटेच्या उतारावरून जी घसरते, तिला वल्हवावं लागत नाही. वल्हं नुसतं मागं धरून दिशा सांभाळायची. लाट पुढं निघून गेली तर तिच्यामागं धावायचं नाही, दम घ्यायचा, दुसरी येतेच आहे. पश्चिमेच्या काठावरून पूर्वेच्या घाटाला यायला जिथं दोन तास लागायचे, तिथं आम्ही पाऊण तासात आलो. त्या दिवशी मी पोरासारखा ओरडत होतो.

शेवटचा धडा त्यानं घाटावरच दिला. घाटापाशी बुडालेलं जुनं गाव आहे, त्याच्या गढीची भिंत पाण्याखाली उभी आहे. लाट तिथं अडते, उभी राहते आणि फुटते. सरळ घसरत गेलात तर नाक खाली जाऊन होडी आडवी होणार. म्हणून पाण्यात उभी असलेली वाळकी चिंच आली की घसरणं बंद. तीन लाटा खालून जाऊ द्यायच्या. तिसरी गेली की क्षणभर सपाटी मिळते. तेवढ्यात होडी गर्रकन फिरवायची, तोंड वाऱ्याकडं करायचं आणि भिंतीला वळसा घालून, उलटं वल्हवत, पाठमोरं काठाला लागायचं. हे सगळं त्यानं फुकट दिलं. वर आपल्या तोंडातली विडी मला ओढायला दिली. माझी जात त्यानं विचारली नव्हती.

भिवराबाई धनगराची. तिची वस्ती पश्चिमेच्या काठाला, मेंढरं तिकडं, चराई तिकडं. बाजार, एस.टी., दवाखाना सगळं पूर्वेला. रस्त्यानं वळसा घालून यायचं तर दिवस मोडायचा. आखाडात बोकडाला सोन्याचा भाव येतो आणि नेमका त्याच महिन्यात वारा पिसाळतो. बोरीचा व्यापारी दर शनिवारी घाटावर जीप घेऊन यायचा. सरकारी होडीत जनावर घ्यायला बंदी, तरी मी तिचे दोन-तीन बोकड गुपचूप आणून सरकारी धक्क्यावर उतरवून द्यायचो. ती चारचौघांत सांगायची, "सूर्यभानदादा हाय म्हणून आमचा आखाड निघतो बगा."

ते ऐकायला मला लय गोड वाटायचं. का वाटायचं तेही सांगतो. माझ्या आईला ज्या विहिरीवर वरून पाणी वाढायचे, त्या गावची माणसं आता माझ्या होडीत माझा शब्द ऐकून बसायची. पण या कारणाच्या मागं मला लपता येत नाही. वरून पाणी वाढणाऱ्यांत भिवराबाई नव्हती. आमच्या घरी चहा पिणारी त्या वस्तीतली ती पहिली बाई. मला फक्त माझ्यावाचून कुणाचं तरी अडायला हवं होतं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिनं गंगाखेडच्या भोयाकडून एक अरुंद लाकडी होडी आणली आणि म्हणाली, "दादा, आता तुमाला किती दिवस तरास द्यायचा? मलाच शिकवा."

शिकवलं. तिचा हात उपजतच चांगला. मागं बसून ती होडी सांभाळायची, पुढं नवरा उमाजी वल्हं मारायचा. उमाजी पाण्याला भ्यायचा, पण बोकड त्याच्याशिवाय गप बसत नसत. तो पायाचा माणूस. मेंढरांमागं दिवसाला दहा कोस चालून आला तरी संध्याकाळी वाकून चुलीला फुंकर घालायचा. होडीत तेवढा तो देवाचं नाव घेत असायचा आणि भिवराबाई मागून ओरडायची, "हाणा!"

शिकवताना जोराचा वारा असला की मी त्यांना बांधाच्या आडोशाला, सरकारी धक्क्यावर उतरवायचो. तिथं लाट येत नाही. तिथं जनावर उतरवायची मात्र मनाई होती; माझं गुपचूप खपायचं, तिचं खपलं नसतं. म्हणून तिनं एकदा विचारलंच, "दादा, बोकडं तर घाटावरच उतरवावी लागतेत. वारं आसल्यावर तितं कसं लावायचं?"

मी म्हणालो, "ते आपोआप जमतंय."

हेच शब्द. वल्ह्यावरचं पाणी झटकत, दुसरीकडं बघत म्हणालो. मनात हिशेब पक्का होता. एकदा जरा गोता खाऊ दे, कपडे भिजू देत, मग येईल पुन्हा विचारायला. तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. तिनं पुन्हा यावं, एवढंच होतं.

आखाडातला दुसरा शनिवार. सकाळी मी पट्टी वाचली. पाऊस अजून नीट लागला नव्हता, पाणी खाली गेलेलं. बहात्तरच्या दुष्काळात ती गढीची भिंत उघडी पडली होती तेव्हा मी तिच्यावर बसून भाकरी खाल्ली होती, त्यामुळं तिची उंची मला पाठ होती. मी आकडा लिहिला आणि वजाबाकी आपोआप झाली. भिंतीवर जेमतेम दीड हात पाणी, म्हणजे लाट तिथं फुटणारच. शुक्रवारीच भिवराबाई म्हणून गेली होती, "उद्या येणार, वारं आसलं तरी."

दहाच्या सुमाराला मी बांधावर उभा होतो. तिची होडी दिसली आणि खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. काय यायली होती ती! एका लाटेवरून उतरायची, दम घ्यायची, दुसरीवर चढायची. पुढं उमाजीचा लाल पटका, मध्ये पाय बांधलेले तीन बोकड. माझ्या शेजारी चौकीदार माणिकराव उभा होता. मी त्याला म्हणालो, "बघा, माझी शागीर्द."

होडी चिंचेपाशी आली. थांबली नाही. का थांबेल? तिला कुणी सांगितलं होतं?

मी पळत सुटलो. ओरडलो असेन, पण त्या वाऱ्यात माझं मलाच ऐकू आलं नाही. लाट भिंतीवर उभी राहिली, होडीचं नाक खाली गेलं, शेपूट वर आली आणि होडी आडवी पडली. उमाजी खाली उतरून होडी धरायला गेला. पाण्याला भिणारा माणूस बोकडांसाठी उतरला. पुढच्या लाटेनं होडी उचलून भिंतीवर आदळली आणि त्याचा डावा पाय मध्ये सापडला.

मी पोचलो तेव्हा भिवराबाई भिंतीच्या काठाकडच्या अंगाला गळ्याएवढ्या पाण्यात त्याचं डोकं वर धरून उभी होती. आम्ही दोघांनी त्याला ओढून काढलं. दोन बोकड गेले. व्यापाऱ्याच्या जीपमध्ये घालून त्याला परभणीला नेलं, सारा वेळ त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आठव्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढला.

सगळ्या पंचक्रोशीत माझं नाव झालं. सूर्यभानानं जीव वाचवला म्हणून. उमाजी तोवर मला राम राम करायचा. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर माझा हात धरून तो पहिल्यांदाच म्हणाला, "जय भीम, दादा. तुमी व्हता म्हणून वाचलो." माझ्या बायकोनं, गीताबाईनं, ते कौतुकानं शेजारणीला सांगितलं. मी त्या रात्री जेवलो नाही. तिला वाटलं, दवाखान्याच्या वासानं मळमळतंय.

मेंढरं विकावी लागली. कुबडीवर मेंढरांमागं चालता येत नाही. शेळ्या-बोकडं मात्र त्यांनी ठेवली. खरं काय ते सांगायचं म्हणून मी दोनदा त्यांच्या वस्तीवर गेलो. दोन्ही वेळा उमाजीनं उठायची धडपड करून मला घोंगडी अंथरली. दोन्ही वेळा मी पाण्याची पातळी सांगून परत आलो.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी भिवराबाई माझ्या क्वार्टरवर आली. गीताबाईनं चहा टाकला. भिवराबाईनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "दादा, तुमाला येक सांगायला आलेय. जिवाचं काम हाय, नीट ऐका."

मला वाटलं, कळलं हिला.

तिनं चहात बोट बुडवून शहाबादी फरशीवर रेघ ओढली. "हा घाट." सुपारी ठेवली. "ही चिंच." माझी काडेपेटी उचलून तिची होडी केली. "तुमी मला म्हणला व्हता, घाटावर आपोआप जमतंय. तुमी धक्क्यावर लावता, तुमाला घाटाचं ठावं न्हाई. तुमचा काय दोष? पर येकांद्या दिशी वारं तुमाला तितं नेईल. म्हणून सांगते. हितं आल्यावर सरळ न्हाई जायचं. तोंड फिरवायचं, वाऱ्याकडं. आन् मागं मागं लावायचं."

"तुमी कुठं शिकलात?" मी विचारलं.

"पाय गेल्यावर दोन म्हैने निस्तं तेच केलं. रिकामी होडी घेऊन. दीर बिरू काठावर दोरी धरून बसायचा. आजून पाचांतून दोनदा उलटतीच, पर जमायलंय." तिनं पदरानं हात पुसले. "न सांगता ठिवलं आन् तुमाला काई झालं, तर पाप मलाच लागंल न्हवं?"

गीताबाई म्हणाली, "किती जीव हो तुमचा!"

भिवराबाईनं काडेपेटी माझ्या पुढं सरकवली. "आता तुमी करून दाखवा."

काडेपेटी मी हातात घेतली. तिनं दाखवलं तसं फिरवून दाखवलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. तिनं मला मोकळं करूनच ठेवलं होतं. पण पाचांतून दोनदा. पुढच्या आखाडात पुढं कुबडी घेऊन उमाजी बसणार, आणि ती भलत्याच लाटेवर होडी फिरवणार.

काडेपेटी मी सुपारीपाशी नेली आणि थांबवली. एका बोटानं तिचं टोक उचललं, खाली ठेवलं. "येक," मी म्हणालो. पुन्हा उचललं. "दोन." पुन्हा. "तीन. तिसरी गेली की पाणी सपाट होतंय, थोडंच. तवाच फिरवायची. आधी फिरवली तर उलटती."

काडेपेटी फिरवून मी ती पाठमोरी रेघेला लावली.

भिवराबाई काडेपेटीकडं बघत नव्हती. माझ्या हाताकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "कवापसून ठावं हाय?"

"नऊ वर्सं झाली."

"मी इचारलं व्हतं तवा?"

"ठावं व्हतं."

गीताबाईचा हात किटलीवर तसाच राहिला. मी म्हणालो, "अक्का, मी उद्या येऊन उमाजीला सगळं सांगतो. त्यानं काय करायचं ते करावं."

"न्हाई." ती उठली. पदर खोचला. आवाज चढला नाही, त्यानं मला जास्त लागलं. "त्येंना सांगायचं न्हाई. पाय गेला, मेंढरं गेली. दिसभर बसून येकच बोलत्यात, दुनियेत सूर्यभानदादासारखी माणसं हायत म्हणून. तेवडं तरी राहू द्या त्येंच्यापाशी. तुमाला जड जाईल. जाऊ द्या."

दारात थांबून तिनं बोटांवर मोजलं. "तीन, न्हवं?"

"तीन."

पुढच्या आखाडात तिची होडी मी बांधावरून पाहिली. चिंचेपाशी थांबली. मी मोजल्या. तिसरीनंतर होडी फिरली आणि पाठमोरी अलगद घाटाला लागली. मी खाली गेलो, बोकड उतरवायला हात लावायला. उमाजी कुबडी सावरत होडीतूनच ओरडला, "जय भीम, दादा! बगा, तुमचीच शिकवण!" घाटावरची माणसं माझ्याकडं वळून हसली. भिवराबाई दोरी बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"जय भीम," मी म्हणालो.