गुरुवारचं घुबड

चोचीच्या आत एक पिवळा दोरा उसवून लोंबत होता, आणि सुमिएच्या प्रत्येक श्वासाबरोबर तो बाहेर जाई, परत येई, नाकाच्या शेंड्याला लागे... खाजवायला हात वर नेता येत नव्हता, कारण हात आता पंख झाले होते. दोऱ्यापलीकडे चोचीच्या फटीत मावेल तेवढाच आकिहाबाराचा बाजार – बूट, पिशव्या, कुणाची तरी पँट, कुणाचा तरी कॅमेरा. वरची डोकी कापलेली. माणसं नुसती कमरेखालून ओळखायची वेळ आली तर आपण किती जणांना ओळखू, असं काहीतरी ती स्वतःला विचारत होती आणि या वयात असले प्रश्न पडतात याची तिला गंमत वाटत होती.

खरं तर तिचं काम दुकानाच्या गोदामातलं. कॉमिकांचे गठ्ठे बांधायचे, खोकी भरायची. पण दुकानाच्या दारात रोज घुबडाचा पोशाख घालून उभ्या राहणाऱ्या नाओचा पाय मुरगळला, आणि त्या पोशाखात बसेल अशी बुटकी बाई कंपनीत दुसरी नव्हती. सकाळी दुकानाची मॅनेजर शिओरी तिच्या पाठीची चेन ओढत म्हणाली होती, "काकू, दोनच गोष्टी. होप्पो उद्धट आहे, त्याला गिऱ्हाईक आवडत नाही. आणि काही झालं तरी आतून आवाज नको. बोललात की घुबड मेलं!"

होप्पो. दुकानाच्या जाहिरातीच्या कागदावर, कोपऱ्यातल्या चार चौकटींत जन्मलेलं घुबड – दुकानात नोकरी करतं, दिवसा गल्ल्यावर झोपतं, उठवलं की गिऱ्हाइकालाच झापतं. मग त्याची पुस्तकं निघाली, आता टीव्हीवरही पाच मिनिटं लागतं. त्या पुस्तकांचे किती गठ्ठे मी बांधले असतील... आणि एकही उघडून पाहिलं नाही. का नाही पाहिलं? गोदामातल्या बाया वाचून खिदळायच्या, तीही त्यांच्याबरोबर खिदळायची – कशाला ते न कळता. तिकडे ती खूप हसायची. घरी नाही.

घरी नवरा, योशिहारू, असे. वर्षापूर्वी निवृत्त झालेला, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, 'हं' आणि 'चहा' एवढ्यात दिवस काढणारा. दर गुरुवारी ओनिगिरीचा, भाताच्या मुटक्यांचा, डबा घेऊन लायब्ररीत जाई, तेवढाच घराला मोकळा श्वास. तोयामाला राहणाऱ्या बहिणीनं तिच्यासाठी वरची खोली रिकामी करून ठेवली होती. "ये आता. अजून कोणासाठी थांबलीस?" सुमिए म्हणाली होती, रविवारी कळवते. कळवायचं काय हेही ठरलं होतं...

चोचीच्या फटीत एक पँट येऊन उभी राहिली.

तपकिरी. उजव्या पायाची दुमड किंचित तिरकी, कारण ती शिवताना भाताचा कुकर वाजला होता आणि सुमिए अर्ध्यातून उठली होती. हातात निळ्या रुमालात बांधलेला डबा. त्या रुमालाची गाठ आज सकाळी मीच –

पँट कमरेत वाकली, आणि फटीत योशिहारूचा चेहरा उतरला. तो घुबडाला नमस्कार करत होता.

"होप्पो-सान, आलो बरं का. झोप झाली?"

हा आवाज तिनं ऐकला नव्हता. म्हणजे आवाज त्याचाच, पण त्यात कुणीतरी दिवे लावल्यासारखं. राग आला, की लाज, की नुसतीच भीती – ते कळायच्या आत तिनं पाठ फिरवली. अंथरुणात फिरवते तशी, सगळं अंग घेऊन.

मागे हशा पिकला. पोरं ओरडली, "आजोबा, घुबड रुसलं!" तो वळसा घालून पुढे आला, पुन्हा वाकला. तिनं पुन्हा पाठ फिरवली. तो धावत – धावत! – पुढे आला, टोपी काढून आणखी खाली वाकला, आणि मग त्याला राहवलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून तो हसत सुटला, खोकला येईपर्यंत, डोळे पुसत. त्याच्या वरच्या दातांत एक फट आहे. कधीपासून आहे?

पोरं पांगली तसा तो तिच्या शेजारी कठड्याला टेकला.

"आज अगदी जिवावर आलंय वाटतं तुझ्या," तो हळूच म्हणाला. "मंगळवारी टीव्हीवर लागतोस ना, मी आवाज बंद करून बघतो. बायको स्वयंपाकघरात असते. तिला असलं आवडायचं नाही. फार शांत बाई आहे ती. पहिल्यापासून. मला पण सवय झाली, घरात पाऊल टाकलं की तोंड मिटायचं. उगाच त्रास नको तिला."

शांत? मी?

ते शब्द घशापर्यंत आले आणि घुबड मरेल म्हणून तिथेच थांबले. हा माणूस दमून येतो म्हणून मी बोलणं सोडलं... आणि हा म्हणतो पहिल्यापासून. पहिलं कोण गप्प बसलं? ती मनानं मागे मागे जात राहिली – मुलगा नोकरीला ओसाकाला गेला तेव्हा, सासू गेली तेव्हा, पहिल्या भाड्याच्या खोलीत – आणि प्रत्येक ठिकाणी दोन माणसं एकमेकांची झोपमोड नको म्हणून पाय न वाजवता चालताना दिसली.

तिनं पंख पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरून हलवला.

"येतो. पुढच्या गुरुवारी."

नंतर शिओरीनं डोकं उतरवलं तेव्हा सुमिए घामानं निथळत होती. "काकू, भारी! नाओ नुसती पेंगल्यासारखं करते. हे पाठ फिरवणं कुठून शिकलात? त्या आजोबांना एवढं हसताना मी कधी बघितलं नाही."

"मीही नाही," सुमिए म्हणाली.

संध्याकाळी तो जेवायच्या टेबलाशी बसला होता, नेहमीसारखा, चेहरा बंद करून. सुमिएनं सूप वाढलं, समोर बसली आणि त्याच्याकडे पाहत राहिली – चोचीची फट नाही, दोरा नाही, सबंध माणूस. रविवारचं काहीच मिटलं नव्हतं. खोली तिकडे झाडूनपुसून तयार होती.

"अहो, आज काय वाचलंत?"

त्याच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या. असं तिनं कधी विचारलं नव्हतं.

"हं... पक्ष्यांवरचं एक पुस्तक."

"कसलं? काय होतं त्यात?"

त्यानं वर पाहिलं. मग सुपाकडे. कान लाल झाले होते. "म्हणजे... ते दिवसा झोपणारे असतात ना, त्यांच्यावर. त्यांची मान, अगं, पार मागे फिरते. आणि त्यांना वाटतं..."

सुमिएनं वाटी खाली ठेवली. एवढी सलग वाक्यं. त्यानं आणखी थोडं खोटं बोलावं, अगदी सूप निवेपर्यंत, असं तिला वाटू लागलं.