दोन पिंजरे उलट्या दिशेला

"आता त्याला भांगबी पाडा की! पोरगी बघायला जायाचंय व्हय त्याला?" अंबूबाई चऱ्होलीतल्या आपल्या गोठ्याच्या दारातून म्हणाली.

रंगराव हसले, पण हात थांबला नाही. डाव्या हातमोज्यात औषधाने निजवलेला रानउंदीर, खाली पांढरा ट्रे, उजव्या हातात बारीक फणी. उंदराच्या अंगावर खसखशीएवढे गोचीड असले तर फणीने ट्रेत पडतात, ते चिमट्याने उचलून बाटलीत भरायचे. आरोग्य खात्याच्या कागदावर त्यांचं पद 'कीटक समाहारक' असं भारदस्त होतं. पण अठ्ठावीस वर्षांत त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली असेल तर शपथ! सगळीकडे 'उंदीरवाले' हेच नाव.

"मावशी, तुमच्या उंदराच्या अंगावर काहीच न्हाई बगा," ते म्हणाले.

"असंल कसं? रोज आंघूळ घालते त्याला!" म्हणाली खरी, पण लगेच तिचा चेहरा पडला. "रंगराव, माझी चांदी जाणार का हो?"

चांदी म्हणजे तिची गाय, दिवस भरत आलेली. झालं होतं असं, की भिंतीपलीकडच्या अकरा मजली सोसायटीतल्या अनुयाताईंना जोराचा ताप आला, तळहातातळपायांवर लाल ठिपके उठले. गोचीड चावून येणारा ताप, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेळेवर औषध मिळालं आणि त्या ठणठणीत होऊन घरी आल्या. पण त्यांचे नवरे निरंजन पडले सोसायटीचे अध्यक्ष. गोचीड म्हटल्यावर त्यांना भिंतीपलीकडचा गोठा दिसला, आणि गोठा हलवा म्हणून त्यांनी अर्ज ठोकला. पुढच्या रविवारी सोसायटीची बैठक होती.

"पिंपळे गुरवला लेक ऱ्हाते माझी, तिसऱ्या मजल्यावर," अंबूबाई म्हणाली. "चांदीला काय लिफ्टनं नेऊ?"

रंगरावांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. लातूरकडचं त्यांचं घर गुराढोरांचंच. व्यायला झालेल्या गायीला टेम्पोत चढवणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

हुकूम होता, गोठ्यात पिंजरे लावा. त्यांनी आठ लावले. पण रंगरावांची एक जुनी खोड होती: साहेब बोट दाखवतील तिथे आठ, आणि दोन उलट्या दिशेला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तक्रार करणाऱ्याच्या बोटामागे ते महिनाभर भटकले होते, आणि उंदीर निघाले त्या तक्रारदाराच्याच लाकडाच्या ढिगात. तेव्हापासूनची ही खोड. म्हणून दोन पिंजरे घेऊन ते सोसायटीच्या क्लब हाऊसमागे गेले. तिथे गुडघाभर गवत, त्यातून उंदरांच्या बारीक वाटा, आणि कुंपणाच्या कडेला बाजरीचे दाणे विखुरलेले. रंगरावांनी पिंजऱ्यात बायकोच्या, यशोदाबाईंच्या हातची शेंगदाणा तेल लावलेली भाकरी अडकवली.

"माझी भाकरी मेली कडक," घरी ते बायकोला म्हणत, "आणि उंदरांची बघा कशी मऊसूत!"

"ते नावं ठेवत न्हाईत," यशोदाबाई म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पिंजरे भरलेले. रंगरावांनी फणी फिरवली आणि बघता बघता ट्रे ठिपक्याठिपक्यांनी भरून गेला. त्यांनी तिथूनच खात्याच्या डॉक्टर मृदुला मॅडमना फोन लावला. "मॅडम, सापडलं! गोठ्यात न्हाई, हितं सापडलं!" इतक्या मोठ्याने बोलले, की वॉचमन धावत आला.

रविवारी क्लब हाऊसमध्ये बैठक भरली. अंबूबाई पदर आवळून एका खुर्चीच्या कडेवर बसली होती. रंगराव दारापाशी, चपलांजवळ उभे.

"आठवडाभरात गोठ्यात सापडलेले सात उंदीर, त्यांच्यावर गोचीड दोन," मृदुला मॅडमनी वाचलं. "क्लब हाऊसमागचे सहा, त्यांच्यावर एकशे बारा. आजाराचे जंतूही याच गोचिडांत सापडले. गोचिडाचं पिल्लू उंदराचं रक्त पितं, जंतू तिथून घेतं, गवतात पडतं आणि मोठं होऊन पुढच्या पायाची वाट बघतं."

"आमच्याकडे उंदीर? शक्यच नाही!" निरंजन उसळले. "दर महिन्याला पेस्ट कंट्रोल करतो आपण!"

मॅडमनी रंगरावांकडे पाहिलं. रंगराव पुढे झाले. "साहेब, ते घरातल्या उंदरांसाठी. हे रानातले. हितं शेत व्हतं तवापासूनचे रहिवासी. आणि रोज कुणी जेवायला वाढत असंल, तर घर सोडून कशाला जातील?"

"कोण वाढतंय त्यांना?"

मग पहिल्या रांगेतून अनुयाताई उठल्या.

"मी," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी कबुतरांना बाजरी टाकते. पुण्याचं काम म्हणून चपला काढून, त्याच गवतात उभी राहून. कबुतरं खातात त्याच्या दुप्पट खाली पडत असेल. आणि निरंजन, त्या गोठ्याकडे मी आजवर एकदासुद्धा गेलेले नाही."

आणि असा हशा पिकला की विचारता सोय नाही! निरंजनही भला माणूस, कपाळावर हात मारून हसत सुटले. अर्ज त्यांनी तिथेच मागे घेतला, गवत कापायचं ठरलं, बाजरी बंद झाली. अंबूबाई खुर्चीवरून उठली. चपलांपाशी येऊन तिने रंगरावांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

तीन दिवसांनी चांदी व्याली. खरवस खायला रंगराव आणि यशोदाबाई गोठ्यात आले. अनुयाताईही आल्या होत्या, पायात बूट घालून.

"कालवड झाली," अंबूबाई म्हणाली. "नाव ठिवलंय रंगी."

"कुणाच्या नावावरनं?" रंगरावांनी विचारलं.

"आता घ्या! चऱ्होलीत दुसरा रंगराव कोण हाय?"

रंगरावांच्या हातातली खरवसाची वाटी तशीच राहिली. लोक पुलांना नाव देतात, चौकांना देतात, ती सगळी मोठ्या माणसांची. यशोदाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खा आता, गार होतंय."

रंगरावांनी वाटी खाली ठेवली. पिशवीतून नवी कोरी फणी काढली, ट्रे कालवडीच्या मानेखाली धरला आणि तिच्या ओलसर कानामागून हलक्या हाताने फणी फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. ट्रेत काहीच पडलं नाही. रंगराव बराच वेळ त्या पांढऱ्या ट्रेकडे बघत बसले.