'मंद भरती'चा खालचा स्वर

जगातलं प्रत्येक मोठं काम कुणीतरी एकट्याने, बंद दाराआड, कुणाच्याही मदतीशिवाय केलेलं असतं. गार्थ पायबसच्या बाबतीत ते दार कपडे धुण्याच्या खोलीचं होतं, आणि ते नीट बसत नसल्यामुळे त्याची बायको नेरिडा बाहेरून फटीत जुना टॉवेल कोंबायची.

सहा वर्षं कोंबला. सहा वर्षांनी 'मंद भरती' हा अल्बम तयार झाला. नऊ गाणी, बेचाळीस मिनिटं. सिंथेसायझरचे लांबलचक, ओलसर सूर, आणि त्यांच्या मागे कुठेतरी गार्थचा आवाज, उशीत तोंड खुपसून कुणाची तरी माफी मागितल्यासारखा. कव्हरवर त्यांच्या गावच्या, बर्नीच्या, बंदराचा धूसर फोटो होता. तो नेरिडाने काढला होता. मागच्या बाजूला एकच ओळ: 'शब्द, संगीत, वादन, गायन, ध्वनिमुद्रण – गार्थ पायबस, एकट्याने.'

छापायला जाण्याआधी ती ओळ त्याने नेरिडाला दाखवली. तिने चष्मा लावून वाचली.

"अक्षर अजून मोठं चाललं असतं," ती म्हणाली.

गार्थला वाटलं, तिला आवडली. त्याने अक्षर मोठं केलं.

दिवसा तो हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर उभा असायचा. लोक पडद्याची चिंधी घेऊन यायचे, तो त्या रंगाचा डबा तयार करून द्यायचा. पांढऱ्याच्या एकतीस छटा त्याला तोंडपाठ होत्या, आणि 'हा जरा जास्तच पांढरा वाटत नाही का?' या प्रश्नाला सभ्यपणे उत्तर देण्यात त्याच्या तारुण्याचा बराच भाग गेला होता. संध्याकाळी घरी आला की वॉशिंग मशीनवर फळी टाकायची, फळीवर चर्चच्या जुन्या बाजारातून आणलेला की-बोर्ड ठेवायचा, कानांवर हेडफोन चढवायचे आणि माणसांतून उठून जायचं.

की-बोर्डची वायर थेट कॉम्प्युटरला जोडली की सूर मेलेला येतो, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे सूर आधी जमिनीवरच्या जुन्या स्पीकरमधून वाजायचा आणि मग समोरच्या माइकमध्ये जायचा. "खोलीची हवा आली पाहिजे त्यात," तो म्हणायचा. हवेबरोबर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र यायचं, काकाकुवे यायचे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीपलीकडच्या पडवीतला फ्रीझर यायचा.

हा फ्रीझर नेरिडाच्या वडिलांचा, मर्वचा. शवपेटीएवढा. मर्व दर एप्रिलला भावंडांबरोबर बेटावर जाऊन मटनबर्ड धरून आणायचा. ही समुद्रपाखरं इतकी तेलकट की ती शिजत असताना शेजारी खिडक्या लावून घेतात. स्वतःच्या घरात जागा नाही म्हणून त्याने फ्रीझर लेकीच्या पडवीत आणून ठेवला होता, आणि लेकीला तो लग्नातला आहेर असल्याचं सांगितलं होतं.

रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रीझर बंद करायचा, हे पहिल्याच महिन्यात ठरलं. गार्थने आतून "घेतोय!" म्हणून ओरडायचं, नेरिडाने स्वयंपाकघरातलं बटण बंद करायचं. पहिल्याच महिन्यात एकदा ते पुन्हा चालू करायचं दोघंही विसरले आणि चाळीस पाखरं कुजली. मर्व तीन आठवडे बोलला नाही. त्यावर गार्थने नियम काढला: फ्रीझर बंद केला की गाडीची किल्ली आत टाकायची. किल्ली काढल्याशिवाय घराबाहेर पडता येणार नाही, आणि किल्ली काढायला गेलं की बटण आठवेलच. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या मंडळींत ही युक्ती जुनी आहे, पण गार्थला ती स्वतःला सुचली याचा अभिमान होता.

तेव्हापासून सहा वर्षं, गाणं घेऊन झालं की तो बाहेर यायचा आणि नेरिडा त्याच्या तळहातावर बर्फासारखी गार किल्ली ठेवायची. संसारातल्या फार थोड्या गोष्टींवर गार्थचा विश्वास होता. त्यातली एक ही गार किल्ली.

अल्बमच्या पन्नास प्रती निघाल्या. एक त्याने गावच्या रेडिओवर बुधवारी दुपारी कार्यक्रम करणाऱ्या बेव्हला दिली. बेव्ह बहात्तर वर्षांची. हरवलेल्या कुत्र्यांच्या घोषणा आणि बागकाम यांच्यामध्ये ती 'आपल्या गावचे कलाकार' लावायची. तिने पहिलं गाणं लावलं, मग दुसरं लावलं, आणि बागकाम त्या दिवशी झालंच नाही. पुढच्या बुधवारी तिने गार्थला बोलावलं.

"राजा, मला गाण्यातलं काही कळत नाही," ती माइकसमोरच म्हणाली, "पण तो जो खाली, अगदी तळाशी स्वर आहे ना, घुमत असतो बघ, तो पोटात येतो रे. सात फोन आले मला. सातातले पाच कुत्र्याबद्दल नव्हते."

"त्या स्वरावर मी खूप काम केलंय," गार्थ म्हणाला.

"आणि सातवं गाणं! मध्येच तो स्वर थांबतो. टक्‌ करून थांबतो आणि एकदम पोकळी. माझी बहीण रडली. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती ती."

"तो निर्णय अवघड होता," गार्थ म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. तो स्वर जुन्या की-बोर्डच्या पोटातून येतो, यंत्राचा जीव आहे तो, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. नऊच्या नऊ गाणी त्याने त्याच स्वराला जुळवून, एकाच पट्टीत बांधली होती. सातव्या गाण्यात तो अचानक का थांबला, हे त्या दिवशी त्यालाही कळलं नव्हतं. पण महिनाभर ऐकल्यावर आपणच तो थांबवला असं त्याला आठवायला लागलं होतं.

मग मेलबर्नहून फोन आला. जॅस्पर नावाचा माणूस, छोट्या संगीत कंपनीचा मालक. बेव्हची बहीण त्याची काकू होती.

"तबकडी काढतो आपण," जॅस्पर म्हणाला. "खरी, काळी तबकडी. फक्त अजून एक गाणं हवं. महिनाअखेरपर्यंत."

"कसं हवंय? संथ, की जरा..."

"गाणं कसलंही चालेल, मित्रा. तो खालचा स्वर हवा."

पांढऱ्याच्या एकतीस छटांत उभं राहून गार्थने आयुष्यभर ज्याची वाट पाहिली होती, ते हे. त्याने गुरुवारी रजा टाकली. नेरिडा दाताच्या दवाखान्यात कामाला गेली होती, पण आता तिची गरज कुठे होती? टॉवेल त्याने स्वतःच कोंबला. आतून तो नीट बसत नव्हता. फ्रीझरचं बटण स्वतःच बंद केलं. किल्ली खिशातच राहिली.

की-बोर्ड चालू केला. सूर लावला. ऐकला.

तळाशी काहीच नव्हतं.

त्याने वायर बदलली. स्पीकर हलवला. की-बोर्ड उलटा करून स्क्रू काढले, आतली धूळ पुसली, एक मेलेलं झुरळ मिळालं ते बाजूला ठेवलं. सूर येत होते. स्वच्छ, नीटनेटके, दंतमंजनाच्या जाहिरातीसारखे. दुपारचा एक वाजला. जेवायला म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि पाखरं आठवली म्हणून बटण चालू केलं.

पडवीत फ्रीझरने एक आचका दिला, आणि भिंतीतून, जमिनीतून, टाचांतून 'मंद भरती' सुरू झाला.

पोटचं पोर ओळखावं तसा त्याने तो स्वर ओळखला. तो पडवीत गेला आणि झाकणावर हात ठेवून उभा राहिला. चौदा मिनिटांनी, हवा तेवढा गारवा झाल्यावर, फ्रीझर टक्‌ करून थांबला. एकदम पोकळी. सातवं गाणं. गार्थच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बेव्हची बहीण आठवून त्याला स्वतःचा राग आला.

खात्री करायला त्याने बटण बंद केलं, चालू केलं, बंद केलं. तेवढ्यात नेरिडा आली.

"तू फ्रीझर बंद करत नव्हतीस," तो म्हणाला.

नेरिडाने पर्स टेबलावर ठेवली. "एकदा केला होता. चाळीस पाखरं गेली."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर नाही."

"सहा वर्षं?"

"मांस होतं रे आत, गार्थ."

"पण किल्ली! किल्ली गार असायची. दर वेळी तू माझ्या हातात..."

"किल्ली टाकायचेच ना. तू 'घेतोय' म्हणालास की टाकायचे, 'झालं' म्हणालास की काढायचे. तुला बरं वाटायचं."

"तू मला फसवलंस."

"मी तुझ्या हातात किल्ली दिली."

"सगळ्यांना जे आवडलंय ते मी केलेलंच नाही, कळतंय का तुला? फ्रीझरने केलंय! मी सहा वर्षं एका फ्रीझरच्या साथीने गातोय, आणि हे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं!"

"घरात दोघंच आहोत आपण."

"निदान सांगायचं तरी!"

"कशाला? मी बोलून तुझं एकट्याचं काम बिघडवायचं?" नेरिडाने टेबलावरची 'मंद भरती'ची प्रत उचलली, उलटी केली आणि त्याच्यासमोर ठेवली. "टॉवेल मी लावत होते. कुत्रं भुंकायला नको म्हणून मी त्याला बाहेर फिरवत होते, पावसात. तिसऱ्या गाण्यात तुला वरचा सूर सापडत नव्हता, तो भांडी घासताना कुणी म्हणून दाखवला? वाच की, काय लिहिलंयस. मोठ्या अक्षरात आहे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. माझा कुठेच संबंध नाही. तेच तर छापलंयस."

ती आत गेली, बॅग भरली आणि बसने वडिलांकडे, पेंग्विन नावाच्या शेजारच्या गावी निघून गेली. गार्थ गाडीत बसला आणि बंदरावर जाऊन बोटीत भरायला रचलेला लाकडाच्या भुशाचा डोंगर बघत राहिला. किल्ली खिशातच होती, त्यामुळे जाताना फ्रीझरकडे वळायचं काही कारण पडलं नाही.

शुक्रवार त्याने रागात काढला. शनिवारी पांढरा रंग मिसळता मिसळता त्याच्या मनात आलं की शेवटी वाद्य हे वाद्यच. कुणी तंबोरा घेऊन बसतं, आपण फ्रीझर. आणि पट्टी जुळवली ती आपणच ना? जेवणाच्या सुट्टीत त्याने जॅस्परला फोन करून सांगितलं, स्वर नक्की. घरी येऊन स्वयंपाकघरात बसला आणि गाणं लिहिलं. ते थोडंसं नेरिडाबद्दल होतं. सगळं नाही, पण दुसऱ्या कडव्यात ती येत होती.

रविवारी सकाळी त्याने वॉशिंग मशीनवर फळी टाकली, आणि बाहेर मर्वची गाडी वाजली. मागे ट्रेलर, शेजारच्या सीटवर नेरिडा.

"काय जावईबापू, जेवायला पाखरं काढतोय," मर्व म्हणाला. "रडारड काय असेल ती पोट भरल्यावर करा." आणि पडवीत जाऊन त्याने झाकण उघडलं.

वास आधी मर्वपर्यंत पोचला, मग गार्थपर्यंत, मग बहुधा बंदरापर्यंत. तीन दिवस. साठ पाखरं. तळाशी तेल साचलं होतं.

मर्वने स्वयंपाकघरात जाऊन बटण पाहिलं. मग नेरिडाने पाहिलं. मग दोघांनी गार्थकडे पाहिलं.

"किल्ली कुठे होती?" नेरिडाने विचारलं.

गार्थने खिशावर हात ठेवला.

"हा वास आता निघायचा नाही," मर्व म्हणाला. "भिंतीत मुरला. चल, धर तिकडून. कचरा डेपो बारापर्यंतच उघडा असतो."

"मर्व, थांबा," गार्थ म्हणाला. "अर्धा तास द्या. एकदा चालू करू, मला फक्त... हे वाद्य आहे."

मर्वने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "बाबा रे," तो म्हणाला, "तू दोन दिवस जेवलायस का काही?"

"नेरिडा, तू तरी सांग त्यांना. तो अल्बमवर आहे! नऊच्या नऊ गाण्यांत आहे!"

नेरिडाने फ्रीझरचं एक टोक उचललं होतं. तिने ते खाली ठेवलं नाही.

"कव्हरवर नाव नाही त्याचं," ती म्हणाली.

ट्रेलर पावणेबाराला डेपोत पोचला.

आठवडाभर गार्थने जुन्या गाण्यांतून तो स्वर कापून काढायचा प्रयत्न केला. दर वेळी त्याच्याबरोबर गार्थचा आवाज थोडाफार यायचाच, आणि तो तेवढा काढता येईल का, असं जॅस्परने दोनदा विचारलं.

नेरिडा परत आली. ती आहे. दार अजून नीट बसत नाही. टॉवेल दोरीवर वाळत असतो.

बुधवारी दुकानातून नवा फ्रीझर आला. गार्थने त्याच्यासमोर माइक लावला, हेडफोन घातले आणि चाळीस मिनिटं थांबला.

नवा फ्रीझर आवाज करत नाही.