शेहेचाळिसावा दिवस

काशाच्या वाटीच्या कडेला काढ्याचा तपकिरी फेस चिकटला होता आणि एकेक बुडबुडा करत विरत होता. केसर ते बुडबुडे पाहत राहिली. निशोत्तर... जुलाब करवणारी मुळी. झांझिबारला वडिलांच्या दवाखान्यात तिने लहानपणापासून पुड्या बांधल्या होत्या, थेंब मोजले होते. कोणत्या बाटल्यांवर ‘गरोदर स्त्रीस देऊ नये’ अशी चिठ्ठी डकवायची, हे अक्षर ओळखू लागल्यापासून तिला ठाऊक होतं.

आज शेहेचाळिसावा दिवस.

“घे गो बाय,” नीराबाई म्हणाली. वैद्य बाहेर पडवीत असत. बायकांचं तेल, शेक, काढे सगळं या नीराबाईच्या हातून व्हायचं. “निवला की आनिक कडू लागंल. तुझ्यापरीस आमचा बैल बरा, नळकांड्यानं पितो तरी!”

केसर हसली. आपल्याला हसू आलं, याचंच तिला नवल वाटलं.

चूक तरी केवढीशी. जन्म झांझिबारचा, लग्नही तिथलंच. नवऱ्याचा मुलूख ती पहिल्यांदाच पाहत होती. आठ वर्षांत मूल नाही, म्हणून रामचंद्रने तिला बोटीत बसवलं — मुरुडला माझ्या आईकडे जा, तिथल्या वैद्यांकडून शरीर शुद्ध करून घे. आणि मुरुडला उतरल्यापासून घरात बायका, नुसत्या बायका, आणि प्रत्येकीची नजर आधी पोटावर... चार दिवसांत तिला एवढं कळलं, की या घरात बाजूला बसलेल्या बाईला कुणी शिवत नाही, काही विचारत नाही. पाळी तशीही एकदोन दिवसांत यायचीच होती. ती आधीच जाऊन मागच्या खोलीत बसली. तीन दिवस एकटी, खिडकीत पोफळी हलत होत्या, आणि किती शांत वाटलं होतं! सासूबाई दुखरे गुडघे धरत ताट आणायच्या आणि दुरूनच सरकवायच्या. चौथ्या दिवशी तिने न्हाऊन घेतलं. पाळी आली नव्हती.

उद्या येईल, ती स्वतःला म्हणत राहिली. सासूबाईंनी वैद्यांना निरोप धाडला, सून न्हाली. त्यावरून पोटात काही नाही असं धरून वैद्यांनी उपचाराचे दिवस ठरवले. सात दिवस तूप, तीन दिवस तेल आणि वाफारा, आणि आज हा काढा.

बोटीच्या प्रवासाने पाळी लांबते, हेही तिला माहीत होतं. पूर्वी दोनदा ती चाळीस दिवसांच्या पुढे गेली होती. दोन्ही वेळा तिने रामचंद्रला सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी तर तो बाजारातून पाळण्यासाठी कड्याच घेऊन आला. त्या अजून तुळईला आहेत, खाली काहीच नसलेल्या... नको. मी पुन्हा कुणाला सांगायची नाही. काढा घेतला आणि काही नसलं, तर काहीच बिघडणार नाही. काही असलं तर — तर तेही कुणाला कळणार नाही; जुलाबाबरोबर पाळी आली म्हणतील. कुणालाच कळणार नाही! आणि सांगावं, तर आधी ते तीन दिवस सांगायला हवेत, त्या गुडघ्यांच्या समोर उभं राहून.

“झाला का घेऊन?” पडवीतून वैद्यांनी विचारलं. “आश्विनातलं ऊन हे, चढायच्या आत पोटात जायला हवा.”

“नीराबाई, तुम्हांला मुलं किती?” केसरने हळूच विचारलं.

“सात झाली. चार हायत.”

“आधी कळायचं? म्हणजे... अगदी सुरुवातीला?”

नीराबाईच्या हातातलं फडकं थांबलं. तिने केसरच्या तोंडाकडे पाहिलं, मग वाटीकडे.

“कवा कळायचं, कवा न्हाय,” ती म्हणाली. तिच्या आवाजातली ती बैलाची थट्टा कुठच्या कुठे गेली होती. मग पडवीकडे तोंड करून ती ओरडली, “घेतीय वो, घेतीय! जरा दम खावा!” आणि केसरच्या समोर जमिनीवर बसली.

वाटी अजून केसरच्या हातात होती. भीती कमी झाली नव्हती, उलट वाढलीच होती. पण सासूबाईंचे गुडघे, रामचंद्रचा चेहरा, ते खोटं न्हाणं, सगळं त्या भीतीतून गळून गेलं होतं, आणि जे उरलं होतं ते इतकं लहान, इतकं तिचं एकटीचं होतं, की तिला मोठ्याने श्वास घ्यायचाही धीर होईना.