तीन रेघांचा कागद

सहासष्ट साली भातकुलीत बायकांची तपासणी झाली. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई सुभद्राबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाशी काडी फिरवून नमुने काचेवर घेतले आणि नागपूरला पाठवले. केशरबाईला काही त्रास नव्हता. शेजारच्या दुर्गाबाईची सोबत म्हणून ती गेली होती.

महिन्याने दोघींचे कागद आले, इंग्रजीत. केशरबाईचा नवरा डोमाजी तिचा कागद घेऊन धर्मपाल मास्तरांकडे गेला.

"क्लास थ्री. म्हणजे तिसऱ्या वर्गात पास," मास्तर रोमन आकड्यावर बोट ठेवून म्हणाले. "काळजी नाही."

डोमाजी निश्चिंत झाला. केशरबाईने मात्र दुर्गाबाईचा कागद शेजारी ठेवून पाहिला. वाचता येत नसलं तरी रेघा कळत होत्या. दुर्गाबाईच्या कागदावर एक उभी रेघ, तिच्या कागदावर तीन.

"पासच हाय, तं मंग माह्या तीन काहून?"

तिने डोमाजीला विचारलं. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायचा सोडून ती एकटीच मोटारीने अमरावतीला गेली.

"हे पास-नापास नाही, बाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "एक म्हणजे सगळं ठीक. पाच म्हणजे कॅन्सर. तीन म्हणजे पेशी वेगळ्या दिसतात, पण कशामुळे, ते नुसत्या काचेवरून कळत नाही."

"मले कॅन्सर झाला का?"

"हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. छोटा तुकडा काढून तपासावा लागेल."

केशरबाई बाकावर बसली, पाणी प्याली.

"मंग काढा," ती म्हणाली. "आजच काढा."

तीन आठवड्यांनी तुकड्याचा अहवाल घ्यायला डोमाजी सोबत आला. कॅन्सर नव्हता, पण पेशी त्या वाटेला लागल्या होत्या. नागपूरला ऑपरेशन झालं. अकरा दिवस डोमाजी दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिला.

ती घरी आल्यावर मास्तर भेटायला आले. टोपी हातात घेऊन बसले.

"वहिनी, माझ्यामुळे तुम्ही घरीच बसल्या असत्या."

"तुमी शाळेतलं वाचलं, मास्तर. हे दवाखान्यातलं होतं." तिने चहाचा कप पुढे सरकवला. "आता एक करा. ते एक ते पाच काय असते, ते मराठीत लिहून द्या. बायका मलेच इचारून राहिल्या."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले. दोन आणि चारपाशी ती अडली. "ते डॉक्टरीणबाईले इचारून सांगतो," ती म्हणाली. मास्तरांनी तेवढी जागा कोरी ठेवली.