फाट्यावरचा फ्लेक्स

आमच्या कन्हेरीत कुणी नवा ट्रॅक्टर आणला तरी फाट्यावर फ्लेक्स लागतो. मग मोहनरावांच्या लेकीनं, म्हणजे मीच, बारामतीत दातांचा दवाखाना काढल्यावर काय विचारता! मी गाळ्याची झाडलोट करत होते, तोवर आबांनी, माझ्या वडलांनी, तिकडं फ्लेक्स चढवूनही टाकला. माझा फोटो, आबांचा फोटो, झाडून सगळ्या चुलत्यांचे फोटो, आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘मुख व दंतरोग तज्ज्ञ डॉ. प्रगती’.

“आबा, मी बीडीएस हाय. तज्ज्ञ म्हणवून घ्यायला पुढं आणखी तीन वर्षं शिकावं लागतं.”

“मग पाच वर्षं काय गोट्या खेळत हुतीस व्हय? समदेच लिवत्यात.”

उद्घाटन होऊ दे, मग उतरवू, असं ठरलं. उद्घाटन झालं, पेढे वाटून झाले, फ्लेक्स जागच्या जागी. खरं सांगायचं तर येता-जाता तो बघायला मलाही बरं वाटत होतं.

नवव्या दिवशी सारजाबाई आल्या. डाळजच्या, साठी उलटलेल्या, लेकीला भेटायला कन्हेरीत आलेल्या. जिभेच्या कडेला दोन महिन्यांची न भरणारी जखम, आणि चाळीस वर्षांची तंबाखूची मिश्री. मी बोटानं चाचपलं. कड टणक लागली; अशी कड म्हटली की पहिली शंका कॅन्सरची.

“मावशी, हे आधी कुणाला दाखवलं हुतं का?”

“गावाकडच्या डॉक्टरनं पुण्याच्या तज्ज्ञाला चिठ्ठी दिली हुती. कालच जायचं हुतं. म्हटलं, पुण्याला कशाला मरायचं? फाट्यावर फ्लेक्स बघितला, हितं बारामतीतच तज्ज्ञ हाय की.”

त्यांनी कनवटीची चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या नावाखालच्या एका शब्दानं या बाईची पुण्याची तारीख हुकवली होती.

“मावशी, मी तज्ज्ञ न्हाय. मी दात काढते, भरते. ह्या जखमेचा तुकडा काढून तपासायला पायजे, आणि ते त्यातलं शिकलेल्या माणसाचंच काम. फ्लेक्सवरचं खोटं हाय.”

सारजाबाई ताडकन उठल्या. “खोटं हाय तर लावलंस कशाला? आता पुण्याला जा म्हणतीस, ते तरी खरं कशावरनं? मी कुठंच जायची न्हाय!”

आबा रोज बाहेरच्या खुर्चीत बसून आल्या-गेल्याची विचारपूस करायचे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते दारात येऊन हात जोडून उभे राहिले. आबांना असं खाली मान घालून उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

“ताई, पोरीचा दोष न्हाय. फ्लेक्स मी लावला. ती पयल्या दिवशीच नगं म्हणत हुती.”

“पयल्या दिवशी म्हटलं, आबा,” मी म्हणाले, “मग नऊ दिवस गप बसले. मलाबी ते आवडत हुतं.”

सारजाबाईंनी चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. मग त्या परत खुर्चीत टेकल्या. “लाव फोन पुण्याला,” म्हणाल्या.

चिठ्ठीवरच्या डॉ. इंद्रजितांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. आबा त्याच संध्याकाळी विळा घेऊन फाट्यावरचा फ्लेक्स उतरवायला गेले आणि सकाळी स्वतः गाडी काढून आम्हाला घेऊन निघाले. तिथं डॉक्टरांनी जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा. छोट्या ऑपरेशनवर भागलं. आणखी दोन महिने घरी काढले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

महिन्याभरानं सारजाबाईंचा फोन आला. बोलणं अजून थोडं बोबडं होतं.

“प्रगती, आज माझी लेक येतीया. तीबी मिश्री लावती. तिचं तोंड बघ.”

“बघते की. पण मावशी, काय वेगळं दिसलं तर मी...”

“तर तू सांगशील. ठावं हाय मला. म्हणून तर तुझ्याकडं धाडती.”

फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं. आबा घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आले.

संध्याकाळी सारजाबाईंची लेक आली. मी तिचं तोंड तीनदा तपासलं. एकही चट्टा नव्हता.