गाडीबाबाचं काळं फडकं

रविवारी सकाळी नऊलाच गोदामाच्या आवारातली गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. कुणाची गाडी उभ्या उभ्या थरथरत होती, कुणाची सिग्नलला गपकन बंद पडत होती. रांगेच्या टोकाला पडद्याने घेरलेली जागा होती. तिथे गाडीबाबा बसत. गाडी पडद्याआड जाई, कर्ण्यावर मोठ्याने जप सुरू होई आणि वीस मिनिटांनी गाडी मांजरासारखी गुरगुरत बाहेर येई. मागोमाग बाबा येत. आत जाताना पांढरंशुभ्र असलेलं फडकं आता त्यांच्या हातात काळंकुट्ट झालेलं असे.

"लोखंडालाही जीव असतो," बाबा कर्ण्यातून सांगत. "जीव आला की नजर आली. मेकॅनिक नट बघतो, मी नजर बघतो."

लोक माना डोलवत. नजर इतकी काळी असते आणि तिला अत्तराचा वास येतो, याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं.

त्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून एक मास्तर बसले होते. तेवीस वर्षं हायस्कूलात भौतिकशास्त्र शिकवलेलं. कुणी ओळखीचा पालक भेटू नये एवढीच त्यांची प्रार्थना होती. दोन गॅरेजवाल्यांनी दोन वेगवेगळे पार्ट बदलले, पण दुखणं जागच्या जागी. बुडत्याला काडीचा आधार म्हणून ते इथे आले होते.

पडद्याबाहेर एक सेवक वहीत सगळं टिपून घेत होता. घरात कोण, गाडीत कोण बसतं, गाडी कधी बंद पडते. मास्तरांनी सांगितलं की घरात ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण. रोज सकाळी तिला कारखान्यात सोडायला जाताना गाडी बंद पडते.

थोड्या वेळाने बाबांनी काळं फडकं त्यांच्यासमोर धरलं. "जिचं घर उजाडलं अशी बाई तुझ्या गाडीत बसते. ती बसली की गाडीचा श्वास कोंडतो. तिला बसवू नकोस. आणि हे फडकं डिकीत बांधून ठेव, उघडायचं नाही."

मास्तरांच्या अंगावर काटा आला. यांना कसं कळलं? ते स्वतःच वहीवाल्याला सांगून आले होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ताईला खरं सांगायची हिंमत झाली नाही. शाळेची वेळ बदलली, अशी थाप त्यांनी मारली. ताई बरं म्हणाली. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायची. गुडघे दुखत होते, तरी रोज पाऊण तास चालत जाऊ लागली. इकडे गाडी लोण्यासारखी चालू लागली आणि मास्तरांच्या मनातली उरलीसुरली शंकाही विरली.

तीन महिन्यांनी शाळेच्या फाटकासमोर, मास्तर एकटेच असताना, गाडी थरथरली आणि बंद पडली. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो नंतर त्यांना कितीतरी दिवस छळत राहिला. गाडी कशीबशी सुरू करून घरी आल्यावर त्यांनी तो बोलूनही दाखवला.

"ताई, मी नसताना तू गाडीत बसली होतीस का?"

"नाही. बसले असते तर काय झालं असतं?"

मास्तरांना सगळं सांगावं लागलं. सांगता सांगता आवाज इतका खाली गेला की शेवटचं वाक्य ताईला पुन्हा विचारावं लागलं. ताईने पदर खोचला. मग म्हणाली, "ते फडकं आण."

तिने गाठ सोडून वास घेतला. "वरून अत्तर आहे. खाली तेल आणि काजळी. माझ्या हातून रोज असली दहा फडकी निघतात."

तिने मास्तरांना पार्टच्या दुकानात पाठवून थ्रॉटल साफ करायचा स्प्रे मागवला. इंजिन थंड झाल्यावर गाडीबरोबर आलेलं पुस्तक मांडीवर घेऊन तिने बॅटरीची तार सोडवली. मग हवेच्या फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा जाडजूड रबरी पाइप काढला. त्याच्या पट्टीवरचा स्क्रू कुणीतरी फिरवल्यासारखा खरचटला होता आणि पट्टीत पांढरा धागा अडकला होता. फडक्याचाच.

आत थ्रॉटलची एक गोल पाती होती. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते आणि इंजिनाला हवा मिळते. पाय काढला की ती मिटते. कडेच्या बारीकशा फटीतून येईल तेवढ्याच हवेवर इंजिन तग धरतं. ती फट काजळीने बुजत आली होती.

"घाईत पुढूनच पुसलंय. मागची बाजू तशीच आहे," ताई म्हणाली. तिने स्प्रे फडक्यावर मारला, पाती जोर न लावता उघडली आणि जुन्या टूथब्रशने कडा घासल्या. मास्तरांच्या जुन्या बनियनचं फडकं बघता बघता काळं झालं. तिथे ना जप होता, ना पडदा. सगळं परत जोडून किल्ली फिरवली, तर गाडी न थरथरता सुरू राहिली.

"कारखान्याच्या वाटेवर तो लांबलचक सिग्नल आहे," ती हात पुसत म्हणाली. "मला सोडायचं बंद केल्यावर तू कधी त्या वाटेने गेलास?"

मास्तर एकदाही गेले नव्हते. गाडी थांबतच नव्हती, तर बंद कुठून पडणार? एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर श्रेय एकीलाच देऊ नका, हे ते दरवर्षी आठवीच्या पोरांना फळ्यावर लिहून देत. ते पायरीवर बसले. मान वर करवेना.

"चुकलं माझं, ताई."

"बाबा खोटं बोलला, त्याचा तो धंदा आहे," ताई म्हणाली. "तू शाळेची वेळ बदलली म्हणालास. ते मला जास्त लागलं."



पुढच्या रविवारी मास्तर गोदामाच्या आवारात गेले. ताईला बरोबर चल म्हणाले होते. तिने नकार दिला. तुझं तू निस्तर, म्हणाली. मास्तरांनी टोपी घातली नव्हती. रांगेतल्या एका टॅक्सीवाल्याला विनवून त्यांनी सगळ्यांदेखत त्याच्या गाडीचा पाइप काढला, पाती पुसली आणि काळं फडकं वर धरलं. बाबा कर्ण्यातून 'पाखंडी, पाखंडी' म्हणत राहिले. दोन-तीन जणांनी मास्तरांना धक्काबुक्कीही केली. पण टॅक्सी सुरू झाली आणि एका जागी शांत उभी राहिली.

रांगेतला एक म्हातारा जवळ आला. "बाबांच्या सांगण्यावरून आमच्या सुनेला आम्ही दोन महिने गाडीत घेतलं नाही," तो हळूच म्हणाला. "तिला दिवस गेलेत."

मास्तर रांगेतल्या सगळ्यांकडे वळले. "मी विज्ञान शिकवतो, तरी फसलो. मला काजळी दाखवली आणि माझ्या बहिणीवर बोट ठेवलं, आणि मी मानलं. गाडी बिघडली तर गाडीत बघा. पडद्याआड काय चाललंय ते विचारा. सांगितलं नाही, तर तो पडदा उघडा. आणि कुणी घरातल्या माणसावर खापर फोडलं, तर आधी पुरावा मागा. मी मागितला नाही. माझी बहीण दुखऱ्या गुडघ्यांनी तीन महिने चालत गेली."